निर्णायक मत
ओल्या सुंभाचा वास आला की कडावच्या ग्रामपंचायतीची ती सभा आठवते. अध्यक्षस्थानी सरपंच, म्हणजे माझे सासरे. मी नवी सदस्य, पदर सावरत कडेला बसलेली. नवी विहीर आमच्या दाराशी की ठाकरवाडीत, यावर समसमान हात वर झाले. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती, म्हणून माझा हात मांडीवरच. अध्यक्षाचं निर्णायक मत देऊन त्यांना विहीर दाराशी आणता आली असती. पण घरी मला 'अगं' म्हणणारे ते म्हणाले, "बाई, तुमचं मत ऱ्हायलंय." मी कशीबशी म्हणाले, "ठाकरवाडी." "ठराव मंजूर." घरी सासूबाई कडाडल्या, "आता नदीवरनं पानी कोण आणनार?" दुसऱ्या सकाळी पाहिलं, तर कावड खांद्यावर घेऊन सासरे नदीच्या वाटेला लागले होते. आज घरात नळ आहे, पण त्या कावडीचं सुंभ मला टाकवत नाही.