बाबा ज्या भिंतीला टेकले

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय, पण खरं सांगायचं तर जेवण झाल्यावरची करमणूक म्हणूनच. आमचं घर बौद्ध. देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही... कुणी झपाटल्याची गोष्ट सांगायला लागलं की बाबा आधी विचारायचे, "तू सोता पाह्यलं का?" समोरचा तिथंच गप्प व्हायचा. आज त्याच बाबांबद्दल लिहितोय. आणि हो, मी स्वतः पाहिलं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत.

आम्ही वाशीमला जुन्या गावात राहतो. बाबा पाटबंधारे खात्यात शिपाई होते. जसं जमलं तसं त्यांनी घर वाढवत नेलं. पुढे बैठक, तिच्या मागे मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि अंगण. मधली खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये मातीच्या विटांची एक जाड भिंत होती. ती बाबांनी आणि आईनं सुट्टीच्या दिवशी आपल्या हातांनी उचलली होती. आई गेल्यावर बाबा त्या भिंतीला जास्तच टेकू लागले. पाठ लावायची, एक पाय गुडघ्यात मोडून तळवा मागे भिंतीवर ठेवायचा आणि तसंच उभं राहायचं... डोळे मिटून.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीआधी ते या भिंतीला चुना मारायचे. चुन्यात थोडी नीळ. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तरी त्यांनी हे काम सोडलं नाही. डाव्या हातानं चाचपायचं, ओलं लागलं की पुढे, कोरडं लागलं की तिथं कुंचा. एक जागा सुटायची नाही. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि बाबा त्यांना म्हणायचे, "पाह्यता काय बाप्पा, तुमाले तं डोये हायेत, घ्या कुंचा हातात."

मी कृषी खात्यात आहे. पन्नाशी आली आणि मला नवं घर हवंसं वाटू लागलं. पाडून बांधायचं नाही, पण असं करायचं की गल्लीत शिरणाऱ्यानं थांबून बघावं. अकोल्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी मोबाइलवर चित्रं दाखवली आणि मी हरखून गेलो. आतल्या सगळ्या भिंती काढायच्या, छत दुप्पट उंच, मागे जमिनीपासून वरपर्यंत काच, उघडं काँक्रीट, वर एक अर्धा मजला. आणि स्वयंपाकघर नि अंगणाच्या जागी जमीन कमरेएवढी खोल खणून तिथं बसायची जागा. तिच्या काठाला रेलिंग नको, नजर अडते, असं मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना हे चालेल ना?"

मी म्हणालो, "त्यांना दिसतच नाही हो. त्यांना काय फरक पडतो?"

हे वाक्य माझं आहे. ते मी हसत म्हणालो होतो, हेही सांगून टाकतो.

बाबांना मी अनसिंगला ताईकडे ठेवलं. म्हणालो, फरशा बदलतोय, धूळ होईल. परत आणलं तेव्हाही खरं सांगितलं नाही. पुढची बैठक मी मुद्दाम होती तशी ठेवली होती, तिलाच लागून त्यांच्यासाठी संडास-बाथरूम काढलं होतं. "आत अजून सामान पसरलंय बाबा, येऊ नका," एवढंच म्हणत राहिलो. रोज वाटायचं, आज सांगू... आणि रोज उद्यावर ढकलायचो.

एक दिवस चहा पिता पिता बाबा म्हणाले, "जयंती आली ना बाप्पा. चुना आनला का?"

"या वर्षी पेंटर लावला, बाबा."

"पेंटर? त्या भितीले?" ते हसले. "तिले जमते का पेंटर?"

वंदना, माझी बायको, चहाचे कप घेऊन आत गेली. नंतर मला म्हणाली, "तुमच्यानं होत नसन तं मी सांगते मामाजींले. पन सांगा. ते आत आले आन् पडले तं?"

मी म्हणालो, रविवारी सांगतो.

त्याच्या आधीच ती दुपार आली. वंदना शाळेत गेलेली. मी सुट्टी टाकून वरच्या अर्ध्या मजल्यावर पडलो होतो. लाइट गेली होती. पंखा थांबला की उन्हाळ्यातली दुपार कशी एकदम अंगाजवळ येते, तसं झालं. छतात बसवलेल्या काचेतून उन्हाचा पट्टा खाली उतरला होता आणि त्यात धूळ इतकी हळू तरंगत होती की मीच पाण्याखालून बघतोय असं वाटावं. बाहेरच्या कडुलिंबाचा मोहर घरभर दरवळत होता. तेवढ्यात चपलांचा आवाज आला.

बाबा आत येत होते. काठी नव्हती.

डावा हात बाजूला धरलेला, तळवा उघडा, आणि तो तळवा हवेत सरकत होता... पण हवेत सरकतो तसा नाही. मध्येच अडखळायचा, उंचवट्यावरून जावा तसा वर उचलला जायचा, पुन्हा बसायचा. मधल्या खोलीचं दार जिथं होतं तिथं बाबांनी मान खाली घातली, कारण ती चौकट ठेंगणी होती. उंबरा ओलांडला. तिथं आता गुळगुळीत करडी फरशी आहे, बाकी काहीच नाही.

मी उठून बसलो. ते सरळ त्या खोल जागेच्या काठाकडे निघाले होते. हाक मारावी तर दचकून त्यांचा पाय पुढे पडेल, म्हणून हाक मारली नाही.

काठावर ते थांबले. दोन्ही तळवे समोर टेकवले आणि वरून खाली, वरून खाली फिरवले, चुना मारायच्या आधी भिंत चाचपायचे तसे. मग सावकाश वळले. पाठ मागे टाकली आणि एक पाय मोडून तळवा मागे लावला.

मागे काही नव्हतं. कमरेएवढा खड्डा, त्यात नव्या गाद्या नि लोड, त्यापलीकडे काच आणि ऊन. माझे वडील एका पायावर, मागे झुकून, काहीच नसलेल्या जागेला टेकून निवांत उभे होते. त्यांचा चेहरा इतका शांत मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

मी जिना उतरलो. कसा, ते आठवत नाही.

"कोन? तू व्हय?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा."

"टेक इथं. थंड लागते मस्त."

मी त्यांचं मनगट धरलं. ओरडून काय सांगणार होतो, बाबा तिथं भिंत नाही? ते कळलं आणि भिंत नाहीशी झाली तर?

"चुना उकलला, पाह्य," ते म्हणाले. "यंदा दोन हात लागतीन. तुहा पेंटर झोपला होता का?"

"चला, चहा घेऊ."

"येतो नं! वढतं काहून? भित काय पयून चालली का?"

मी त्यांना खुर्चीपर्यंत आणून बसवलं. त्यांचा तळवा उघडून पाहिला. निळसर पांढरा. शर्टाच्या पाठीवरही तसाच मोठा पट्टा. वंदना घरी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मामाजी, हे कुठं माखून आले? घरात चुना कुठून आला?" आमच्या घरात आता पुट्टी, प्लास्टिक पेंट आणि काँक्रीट आहे. चुना मारलेली एक वीतभर जागा उरलेली नाही. जुन्या विटा ट्रॉलीत भरून कधीच गेल्या होत्या.

दिवे लागायच्या वेळी मी बाबांच्या पायांशी बसलो आणि सगळं सांगितलं. भिंत, अंगण, खड्डा. मॅडमला बोललो ते वाक्यसुद्धा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"कसं?"

"आलो त्याच दिवशी खोकललो, तं खोकला दूर जाऊन वापस आला. पह्यले भितीपाशी थांबे. म्हनलं, पोरगा सांगन आपल्या तोंडानं."

"मग दुपारी टेकले कशाला, बाबा? माहीत होतं तर..."

"भित होती तं टेकलो. नसती तं टेकलो असतो का? येडा समजला का मले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, मले तिथं ने. मी त्यांना घट्ट धरून काठाशी नेलं. त्यांनी हात पुढे केला. हात गेला... गेला, आणि पूर्ण लांब होऊन हवेत राहिला. त्यांनी बोटं हलवून पाहिली.

"हं," ते म्हणाले. "नाई आता." आणि थोड्या वेळानं, "पायऱ्या कोनीकून हायेत, ते दाखव."

एकदा मी ती भिंत मजूर लावून पाडली होती आणि एकदा खरं बोलून. सांगायला हवंच होतं, हे मला पटतं. तरी त्या सकाळचा तो लांबवलेला हात डोळ्यांपुढून जात नाही.

एका इंजिनिअर मित्रानं तोल सांभाळण्याचं काहीतरी समजावलं. मी खड्ड्यात गाद्या रचून, काठावर उभं राहून, पाय मोडून, तसंच मागे झुकून बघितलं. बऱ्याचदा बघितलं. दर वेळी पाठीवर आपटलो. शेवटच्या वेळी आवाज जरा मोठा झाला.

"काय पडलं रे?" बैठकीतून बाबांनी विचारलं.

"मी पडलो, बाबा."

"लागलं का?"

"नाही."

"थांब, येतो."

काठाचं रेलिंग व्हायचं होतं, पायऱ्यांचं झालं होतं. ते धरून, पायऱ्या चाचपत, ते एकटे खाली उतरले आणि माझ्याशेजारी गादीवर बसले. काही न विचारता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दुपारी ते कसं घडलं, मला अजूनही माहीत नाही, आणि कुणी सांगितलं तर पटेल असंही वाटत नाही. मी त्यांचा तळवा उलटून उजेडात धरला. स्वच्छ होता.