सत्ताविसाव्या रात्रीचं खोटं

मी नाशिक सोडलं त्या सकाळी अब्बा घरी नव्हते. बाविसावा रोजा होता आणि ते एतिकाफला बसले होते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जो एतिकाफला बसतो, तो ईदचा चाँद दिसेपर्यंत मशिदीबाहेर पाऊल टाकत नाही. तिथेच खायचं, तिथेच निजायचं, घरादाराची काळजी दाराबाहेर ठेवायची. म्हणून द्वारका चौकातून मुंबईची टॅक्सी धरायच्या आधी माझा धाकटा भाऊ अस्लम रिक्षा मशिदीच्या मागच्या बोळात घेऊन गेला. मी खिडकीखाली उभी राहिले. चादरीचा आडोसा सारून अब्बा आले, गजांतून हात बाहेर काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"तू अल्लाच्या दाराशी चाललीस," ते म्हणाले. "सत्ताविसाव्या रात्री मी इथून तुझ्यासाठी मागीन. तू तिथून माझ्यासाठी माग."

"काय मागू, अब्बा?"

"त्या वेळी जे लागेल ते."

मी मक्केतल्या एका इस्पितळात नर्स म्हणून चालले होते. मोहल्ल्यात तिथे हजला जाऊन आलेली माणसं होती, पण तिथे राहायला, नोकरीला जाणारी मी पहिलीच. बायका घरी येऊन माझे हात डोळ्यांना लावत होत्या. मला त्याची लाज वाटत होती. मी पगारासाठी चालले होते.

जुन्या नाशकात आमचा गादी कारखाना. नाव कारखाना, म्हणजे एक खोली, कापूस पिंजायचं मशीन आणि अब्बा. पंचवटीतल्या लग्नाघरच्या गाद्या, हॉस्टेलच्या पोरांच्या उशा, सगळं ते एकट्याने भरायचे. संध्याकाळी घरी आले की भुवयांवरही कापूस असायचा. तोच कापूस वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत उतरत होता, हे आम्हाला फार उशिरा समजलं. घरात आम्ही हिंदी-मराठीची मिसळ बोलायचो. माझी शाळा मराठी, त्यामुळे मनातलं लिहायला बसले की मराठीच येते.

शब-ए-कद्र म्हणजे काय, हे मला मौलानांच्या बयानातून नाही, अब्बांकडून कळलं. कुराण पहिल्यांदा उतरलं ती ही रात्र. हजार महिन्यांहून मोठी. "हजार महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षं," अब्बा सांगायचे, "माणसाचं अख्खं आयुष्य झालं. ते एका रात्रीत मिळतं." त्या रात्री फरिश्ते जमिनीवर येतात, येत्या वर्षात कोणाचं काय व्हायचं ते लिहिलं जातं आणि फजरपर्यंत, म्हणजे पहाटेच्या नमाजापर्यंत, नुसती शांती असते. ती नेमकी कुठली रात्र, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. शेवटच्या दहांतल्या विषम रात्रींमध्ये कुठेतरी ती लपलेली आहे. बहुतेक लोक सत्ताविसावी धरतात. लहानपणी मी विचारलं होतं, लपवली कशाला? अब्बा हसले. "तारीख सांगितली असती तर माणसं तेवढ्या एकाच रात्री चांगली वागली असती."

मक्केत उतरले तेव्हा तिथे तेविसावा रोजा संपत आला होता. तिथला चाँद आपल्या एक दिवस आधी दिसलेला. आयुष्यातला एक रोजा विमानात गेला, तो मी नंतर भरून काढला. पहिल्या वर्षी कागदपत्रं व्हायची होती म्हणून सत्ताविसावी मी हॉस्टेलच्या टीव्हीसमोर काढली. दुसऱ्या वर्षी ड्युटी होती. त्या रात्री काब्याभोवतीच्या मोठ्या मशिदीत, हरममध्ये, आणि रस्त्यांवर लाखो माणसं उभी असतात आणि त्यांतली कितीतरी आमच्याकडे स्ट्रेचरवर येतात. उपाशीपोटी चक्कर आलेली, गर्दीत पडलेली, साखर उतरलेली म्हातारी माणसं. इमामांची दुआ स्पीकरवरून वॉर्डापर्यंत यायची. मी कोणाची तरी नस शोधत असायचे. घरून फोन आला की म्हणायचे, "ड्युटी होती, पण जमेल तसं मागितलं." ते खरं होतं.

तिसऱ्या वर्षी अब्बांना एतिकाफला बसता आलं नाही. जिना चढताना तीनदा थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा पंप ओढायला सांगितला होता, ईदनंतर आठवडाभर दाखल व्हायला सांगितलं होतं. अब्बांना इस्पितळ नको होतं. फोनवर ते थांबून थांबून बोलले, "या वर्षी काय मागायचं ते सांगतो. माझा श्वास माग. सत्ताविसावीला, हरममध्ये उभी राहून."

मी त्या रात्रीची सुट्टी मिळवली. त्यासाठी सलग तीन नाइट केल्या. इफ्तार झाली, मगरिबची नमाज पढले आणि तासभर पाठ टेकू म्हणून पडले. गजर लावला होता. माझ्या खोलीतल्या केरळच्या मुलीने मला हलवून उठवलंही होतं म्हणे, आणि मी म्हणाले, "तू हो पुढे, आलेच." मला काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आत आलं होतं. रात्र गेली होती, फजरही गेली होती. फोन वाजत होता.

"मागितलंस?" अब्बांनी विचारलं.

झोप लागली, एवढंच म्हणायचं होतं. ते रागावलेही नसते. नाशकात तर सत्ताविसावी अजून यायची होती. पण त्यांच्या आवाजात लहान मुलासारखं काहीतरी होतं.

"हो अब्बा."

"कुठे उभी होतीस?"

"सफाच्या बाजूला. वरच्या मजल्यावर."

"काबा दिसत होता?"

"दिसत होता."

"रडलीस?"

"खूप."

"मग झालं काम," अब्बा म्हणाले आणि त्यांना खोकला आला.

त्यानंतर मी मागितलं नाही असं नाही. दुसऱ्या रात्री ड्युटीवर मागितलं, एकोणतिसाव्या रात्री मागितलं, औषधाच्या खोलीत दार लोटून जमिनीवर डोकं टेकून मागितलं. पण अब्बांना द्यायचं ते उत्तर मी आधीच देऊन बसले होते.

बकरी ईदच्या थोडं आधी अब्बा गेले. मातीला मी पोचले नाही. जायचा-यायचा व्हिसा हातात पडून मी नाशकात उतरले तेव्हा तिसरा दिवस होता. अस्लमने मला कब्रस्तानच्या फाटकापर्यंत नेलं, बायका आत जात नाहीत, आणि परत येताना रिक्षात सांगितलं. प्रेमाने सांगितलं, माझं मन हलकं व्हावं म्हणून.

"आपा, तुझ्यावर लई भरोसा होता त्यांचा. ईदनंतर दाखल करायचं म्हटलं तर म्हणाले, मागितलंय ना पोरीने, तेही हरममध्ये उभं राहून. आता डॉक्टर कशाला? पंपसुद्धा ठेवून दिला. मी किती भांडलो."

मी नर्स आहे. ती फुफ्फुसं मी फोनवर आलेल्या एक्स-रेमध्ये पाहिली होती. ती बरी होणारी नव्हती. पण वेळेवर दाखल झाले असते, पंप ओढत राहिले असते, तर आणखी काही वर्षं मिळाली असती, हेही मला नर्स म्हणूनच माहीत आहे. रिक्षात मी अस्लमचा हात धरला.

पुढच्या रमजानला मी रजा घेऊन घरी गेले. दुसऱ्या माणसाचं नुकसान केलं असेल तर आधी त्या माणसाने माफ करायला हवं, मग अल्ला माफ करतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. अब्बा नव्हते. मला वाटलं, अम्मी आहे. सत्ताविसावीच्या दुपारी ती शेवया निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. गजर, झोप, सफाची बाजू, सगळं.

अम्मीचे हात थांबले. ती म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस?"

"माफी मागायची होती."

"मी वर्षभर म्हणत होते, त्याच्या दाराशी जाऊन मागितलं, तरी नेलं, म्हणजे त्याची मर्जी. तेवढ्यावर सबर केला मी. आता मी काय म्हणू?"

माझ्या मनावरचा भार उतरवायला मी तिच्या हातातला एकमेव आधार काढून घेतला होता. त्या रात्री ती नमाजाच्या मुसल्यावर बसून राहिली. मी शेजारी बसले. आमच्या दोघींत हातभर अंतर होतं. दोघींपैकी कोणी काय मागितलं, ते एकमेकींना विचारलं नाही. परत निघण्याआधी अस्लमलाही सांगितलं. आता कारखाना तोच बघतो. मशीन बंद न करताच तो म्हणाला, "ठीके आपा." मग गिऱ्हाइकाची उशी भरायला वळला.

यंदा सत्ताविसावीला मक्केत मी पहिल्यांदाच मोकळीही होते आणि जागीही होते. हरमच्या आत जागा मिळाली नाही. बाहेर रस्त्यावर, अनोळखी बायकांच्या रांगेत उभी राहिले. इमाम रडत होते, रांगाच्या रांगा रडत होत्या. त्या रात्रीची खास दुआ अगदी छोटी आहे. तू माफ करणारा आहेस, तुला माफ करणं आवडतं, मला माफ कर. पहिले दोन भाग मी म्हटले. तिसरा ओठांवर आला नाही. मी पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडले. फजरपर्यंत शांती असते, असं लिहिलेलं आहे. ती आजूबाजूच्या बायकांच्या चेहऱ्यांवर मला दिसत होती. मग उजाडलं. सफाईवाल्यांनी रस्त्यावरच्या चटया गुंडाळल्या आणि मी बस पकडून खोलीवर आले.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही फार मोठ्या ठिकाणी आहोत. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला माहीत आहे, आपण घराला किती छोट्या छोट्या खोट्या गोष्टी सांगतो. बरी आहे. जेवले. ऊन फार नाही. झोप होते. घर म्हणजे काय, हे मला आता समजलंय. जिथे आपला शब्द कोणी तपासून पाहत नाही, ते घर. आमचं जुन्या नाशकातलं घर आहे तिथेच आहे. कारखाना चालतो, अम्मी दर शुक्रवारी फोन करते, अस्लमच्या मुलीचे फोटो येतात.

पूर्वी फोनवर अम्मी विचारायची, "जेवलीस?" आता विचारते, "खरंच जेवलीस?"