वर्गात न आलेली मुलं

बिराजदार सर गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. त्यांचा जुना विद्यार्थी श्रीनिवास याच्या स्टेटसला सरांचा फोटो होता. त्याखाली श्रीनिवासच्या क्लासचं नाव होतं आणि नव्या बॅचच्या प्रवेशासाठी फोन नंबर. आधी वाटलं, सरांनी शेवटी त्याच्याकडे शिकवायला होकार दिला की काय. मग फोटोच्या वरचा ‘श्रद्धांजली’ हा शब्द दिसला... महिना उलटून गेला, तरी सरांची आठवण आली की आधी तो फोन नंबर डोळ्यांपुढे येतो.

सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही बरोबरीनं नोकरी केली. ते केमिस्ट्री शिकवायचे, मी मराठी. सर अक्कलकोटकडच्या खेड्यातले, घरात कानडी. वर्गात मराठी जपून बोलायचे, पण चिडले की गावाकडचं बोलणं बाहेर यायचं. आवाज असा, की शेजारच्या वर्गात माझी कविता चाललेली असताना त्यांची आम्लं आणि क्षार भिंतीतून आत यायचे. तेव्हाची मुलं काही गुणी बाळं नव्हती. बाहेरगावाहून रेल्वेनं येणारी पोरं गाडी वेळेवर आली तरी उशीर झाल्याचं सांगून पहिला तास बुडवायची. विणकर घरांतल्या मुली सरांवरून तेलुगूत विनोद करायच्या आणि सरांना तेलुगू कळतं हे त्यांना वर्ष संपेपर्यंत कळायचं नाही. श्रीनिवासही अशाच विणकर घरातला, वडील एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. तपासणीला साहेब येणार त्या दिवशी त्यानं प्रयोगशाळेत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला होता. साहेब नाकाला रुमाल लावून जिन्यावरूनच परतले. सरांनी त्याला आठवडाभर वर्गाबाहेर काढलं. तो व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहून तास ऐकायचा आणि सर फळ्यासमोरून जरा बाजूला सरकून लिहायचे... त्याला दिसावं म्हणून.

हाच श्रीनिवास इंजिनिअर होऊन सोलापुरात परतला आणि त्यानं क्लास काढला. पेढे घेऊन पहिल्यांदा सरांकडेच आला. सरांना मनापासून आनंद झाला होता. मग दोन-तीन वर्षांत आमच्या संस्थेशी त्याचं ठरलं: मुलांचा प्रवेश आमच्याकडे आणि शिकणं त्याच्याकडे. पटावर वर्ग भरलेले आणि बाक रिकामे. आम्ही बाकीच्यांनी स्टाफरूममध्ये बसायची सवय लावून घेतली. सर मात्र घंटा झाली की खडू घेऊन वर्गात जायचे आणि तास संपेपर्यंत तिथंच थांबायचे. मुलं भेटायची ती सबमिशनच्या वेळी. फार सभ्य मुलं. ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायची, उलट बोलायची नाहीत, काही विचारायचीही नाहीत. एकदा मी सरांना म्हटलं, की निदान खोड्या तरी काढत नाहीत. सर म्हणाले, “मॅडम, खोडी काढायला तरी वर्गात यावं लागतं.”

एक मुलगी यायची, आरती. घरी क्लासची फी परवडत नव्हती म्हणून यायची. त्या एकटीसाठी सर भरल्या वर्गाला शिकवावं तशा आवाजात शिकवायचे. मला भिंतीतून ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. दिवाळीनंतर ती जिन्यात सरांसमोर मान खाली घालून उभी राहिली. श्रीनिवास सरांनी तिची फी माफ केली होती. “तितं रोज टेस्ट घेतात, सर,” ती म्हणाली. सरांनी तिला जायला सांगितलं, नीट अभ्यास कर म्हणाले. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. माझ्याकडे वळून ते नुसतं “होग्ली बिडु” म्हणाले. जाऊ दे, सोडा. सर कानडीत बोलले की समजायचं, आता हा विषय संपला.

त्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सरांनी मुलांना ज्याचे त्याचे गुण दिले. बहुतेकांनी ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची ती काचेची नळी, आयुष्यात प्रथमच हातात धरली होती. दुसऱ्या दिवशी पालक आले, आणि संध्याकाळी श्रीनिवास. त्यानं पाया पडून सुरुवात केली. मी तिथंच पेपर तपासत होते. तो म्हणाला, या मुलांना डॉक्टर व्हायचंय, एकेका गुणाला किंमत आहे. आपण कुणाला पळवून आणलेलं नाही, पालकच रांग लावतात. आपण नसतो तर दुसऱ्या कुणी दुकान मांडलं असतं. सर, तुम्हीच या शिकवायला, वर्ग भरलेला मिळेल. हे सगळं तो कळवळून बोलत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सरांनी त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, “तुला मी वर्गाबाहेर काढलं, तर तू खिडकीत हुबा राहून ऐकलास. ह्यांना कुटनं बाहेर काढू? ती आत आलीच न्हाईत की.”

श्रीनिवास पुन्हा पाया पडून निघाला. उत्तर द्यायची त्याला गरजही नव्हती. गुण बदलले गेले, सरांच्या सहीवाचून. पुढच्या वर्षी त्यांना परीक्षेच्या कामातून वगळलं आणि निवृत्तीपर्यंत इमारतीच्या रंगरंगोटीवर देखरेख करायला लावलं. निरोप समारंभाला एकही विद्यार्थी नव्हता. सगळे क्लासला होते.

शोकसभा श्रीनिवासच्याच क्लासमध्ये झाली. गार हॉल, पडद्यावर सरांचा फोटो. जुने विद्यार्थी सरांच्या धपाट्यांबद्दल डोळे पुसत बोलले. मला राग आला तो त्यांचाच. कारण प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी आलेल्या पालकांत यांतले दोघे होते आणि गुण बदला असा अर्ज त्यांनीच केला होता. श्रीनिवास बोलायला उठला, पण दोन वाक्यांत त्याला रडू फुटलं. ते रडणं खरं होतं, म्हणून जास्तच सोसवेना. मागं एकसारख्या टी-शर्टमधली मुलं बसवली होती. दोन मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. निघताना एका मुलीनं आदबीनं विचारलं, “मॅडम, हे सर कुठल्या क्लासला शिकवायचे?” मी उत्तर देण्याआधी पुढच्या लेक्चरची बेल झाली आणि ती पळाली.

परवा सरांच्या घरी वहिनींना, त्यांच्या पत्नीला, भेटायला गेले. पुढच्या खोलीत सामान मधोमध ओढून पेंटर काम करत होता. निवृत्तीनंतर सरांनी त्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला होता. कुणी अडलेलं विचारायला आलं तर असावा म्हणून. कुणी आलं नाही. आता मुलगा वहिनींना पुण्याला नेणार होता आणि खोली भाड्यानं द्यायची होती. भिंतीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात झाले होते, तरी खालचा काळा चौकोन वर येत होता. पेंटर वैतागला होता. वहिनी चहाची कपबशी माझ्या हातात देऊन भिंतीकडे बघत राहिल्या.

“तिसऱ्या हातानं जाईल का?” त्यांनी विचारलं.

“जाईल की,” पेंटर म्हणाला, आणि त्यानं ब्रश बुडवला.