धवलारीण आणि छोटे आरएनए

पनवेलच्या कॉलेजात एम.एस्सी. करताना मला सेमिनारला विषय मिळाला: शुक्राणू घडताना छोटे आरएनए काय करतात. कोन गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई विचारायची, "काय शिकतंस?" मी म्हणायचो, "पेशी." 'शुक्राणू' हा शब्द मी आरशासमोरसुद्धा हळूच म्हणत असे.

मी काय शिकतो ते वहिनीला मात्र कळलं होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या होत्या, तरी आई तिच्याकडून दर मंगळवारी कडक उपास करून घ्यायची. एकदा भाकरी थापताना वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी त्याच शिकता ना? मंग तुमच्या दादाला सांगा, एकदा तपासून घे. माजा आयकत नाय."

दादा उलव्याला मातीच्या भरावाच्या कामावर डंपर चालवायचा. रविवारी तो अंगणात डंपर धूत होता. 'तपासून घे' एवढंच मला बोलायचं होतं. मी डीएनएपासून सुरुवात केली. डंपरच्या धुळकट दारावर बोटाने आकृती काढली. दादाने तिच्यावर पाणी मारलं.

मग मला आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गात सगळे विधी चालवणारी धवलारीण आठवली. घाबरलो की मी शुद्ध बोलतो. "दादा, ती ना नवरी, ना नवरा. पण हळद कधी, अक्षता कधी, कोणी गप्प बसायचं, सगळं तीच सांगते ना? छोटे आरएनए तसेच. कोणत्या जीनने कधी गप्प बसायचं, ते सांगतात. ते चुकले तर शुक्राणू अर्धवट राहतात."

दादाने पाइप खाली ठेवला. "मंजी दोष माजा पन असंल?"

"असू शकतो. म्हणून तपासून..."

"मंग येवरा बोलाला धवलारीण कशाला आनलीस, येड्या?"

दुसऱ्या दिवशी तो मलाच घेऊन लॅबमध्ये चौकशीला गेला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण?" दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "माझा फक्त सेमिनार आहे," मी म्हणालो. बाई हसल्या, मग दादाही. तिथेच कळलं, या तपासणीत शुक्राणू मोजतात, ते हलतात का बघतात. छोटे आरएनए कोणी बघतच नाही.

"तुजी धवलारीण हितं आलीच नाय," दादा म्हणाला. पण तपासणीचा दिवस त्याने ठरवला.

मंगळवारी वहिनी उपाशीच वाढत होती. दादाने आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि आईला म्हणाला, "तपास आता माजा हाय. तिला जेवू दे."

आईने माझ्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी फक्त आमटीची वाटी वहिनीकडे सरकवली. वहिनीने भाकरी मोडली.