हाराच्या फोटोतलं कोकरू

समस्त जनतेला कळवण्यास अत्यंत दुःख होते की, माझ्या नव्या फोटोत मला दोन हनुवट्या आल्या. त्यातली जादा हनुवटी खोडून घ्यायला मी लोणंदच्या एका स्टुडिओत गेलो.

माझ्या आधी एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. मुंडासं काढून मांडीवर ठेवलेलं. बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. तिचा जन्मातला एकुलता एक फोटो त्यांनी प्रसाद घ्यावा तसा दोन्ही तळव्यांवर धरून आणला होता. फोटोत ती कुशीतल्या कोकराकडं बघून तोंडभर हसत होती.

"बाबा, हाराच्या फोटूत मेंढरू बरं दिसत न्हाई," म्हणत स्टुडिओवाल्यानं माऊस फिरवला. स्क्रीनवरून आधी कोकराचे कान गेले, मग तोंड, मग पाय. काम इतकं सफाईदार, की मी दाद देणारच होतो.

तेवढ्यात म्हातारबा उठले. तिच्या रिकाम्या कुशीपाशी त्यांनी बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. तिचे हात अजून तसेच गोल वळलेले होते.

ते एकदम मोठ्यानं बोलून गेले, "आरं, कोकरू पुसलंस व्हय? मग आता ती कुणाकडं बघून हसतीया रं?"