दीड तासाचा मामा

माझ्या थोरल्या मामाने आयुष्यात दोनदा विमानप्रवास केला आणि त्याचा त्रास आम्हाला वीस वर्षं झाला. मुंबईला तो कुठल्याशा कंपनीत साहेब होता. पहिल्यांदा विमानाने नागपूरला आला तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, मुंबई दीड तासावर आहे. आगगाडी भुसावळकडून वळसा घालत रात्रभर रखडते, विमान नाकासमोर येतं, हे त्याने माझ्या शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून आम्हाला समजावलं होतं. जसं काही विमान तोच चालवत होता.

माझं लग्न ठरलं. आमच्यात मुलीला गौरीहरापासून मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्यामागे उभा राहतो. तो मान थोरल्याचा. मुहूर्त सकाळी अकरा वाजून सात मिनिटांचा होता. आईने आदल्या दिवशी ये म्हणून पत्र लिहिलं, तर साहेबांचं उत्तर आलं की विमान साडेनऊला सोनेगावच्या विमानतळावर उतरतं, आदला दिवस वाया कशाला घालवायचा. आणि खरं सांगते, मलाही तोच हवा होता. विमानाने येणारा मामा सासरच्यांना दिसायला हवा होता. इतकी मी उथळ होते.

धाकटा मामा यवतमाळकडच्या खेड्यात शेती करायचा. तो दोन एसट्या बदलून दोन दिवस आधीच आला. आम्ही त्याला बटाटे सोलायला बसवलं.

साडेनऊ वाजले, दहा वाजले. शेजारच्या डॉक्टरांकडे फोन होता, तिथून वडिलांनी विमानतळावर विचारलं. विमान अजून मुंबईतच उभं होतं. तरी वडील पाहुण्यांना सांगत सुटले, एकदा निघालं की दीड तास. अकरा वाजले. भटजी घड्याळ दाखवू लागले, सासरे मांडवात येरझारा घालू लागले आणि मी मुंडावळ्या बांधून गौरीहरापाशी रडकुंडीला आले. मुहूर्त टळला असता तर सासरच्यांनी ते जन्मभर ऐकवलं असतं.

तेवढ्यात धाकटा मामा हात पुसत आत आला. "काहून वाट पाहून राहिले? मी बी तिचा मामाच होय न," तो आईला म्हणाला.

आईने थोरल्यासाठी आणलेली जरीची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. मुहूर्त साधला. मंगलाष्टकं चालू होती तोवर त्याचे हात माझ्या खांद्यांवर होते.

थोरला आला तेव्हा शेवटची पंगत उठत होती. उशीर झाला असं एकदाही म्हणाला नाही. उडाल्यावर बरोब्बर दीड तास लागला, एवढं मात्र भेटेल त्याला सांगितलं. जिलबीही दोनदा मागून घेतली.

मग फोटोची वेळ झाली. आईने धाकट्याकडे पाहून हात पुढे केला. त्याने टोपी काढली, आपल्या सदऱ्याला पुसली आणि तिला दिली. थोरला ती घालून माझ्यामागे येऊन उभा राहिला. फोटोत मी छान हसते आहे.