ब्रेकबाईचा रविवार

"दोनच सीट?" मी विचारलं. "आणि मागे?"

"मागे रस्ता," माझी मुलगी म्हणाली.

"माणसं कुठे बसायची? टपावर?"

"टप कापडी आहे, दुमडून ठेवायचा. आणि माणसं म्हणजे कोण, आई? आपण तरी किती जणी आहोत?"

आम्ही दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरून घडी घालत होतो. तिचे वडील गेल्यापासून या घरात दोघीच आहोत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी माझी टोकं सोडून दिली आणि आत निघून गेले. राग तिथे सुरू झाला. तो अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा हे शांत डोक्याने लिहिलंय असं कुणी समजू नये.

घरात एक गाडी आहे. चार दारांची, डिकीत सिलिंडर मावतो अशी. ही दुसरी फक्त रविवारसाठी हवी होती. कुठे जायला? "कुठेच नाही. जायचं आणि परत यायचं." याला काय म्हणावं? पैसे तिचे, त्यामुळे तिकडून बोलायची सोय नव्हती. वय तिचं पस्तिशीकडे झुकलेलं, त्यामुळे तिकडूनही नव्हती.

ती गाडी शिकवते. रसायनशास्त्राची पदवी घेतली, रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली, तिथल्या वासाने रोज डोकं धरून घरी यायची. एका ड्रायव्हिंग स्कूलला बाई शिक्षक हवी होती. "तात्पुरतं करते," म्हणाली. त्या तात्पुरत्याला आता दहा वर्षं होऊन गेली. स्कूलच्या गाडीच्या टपावर पाटी असते आणि शेजारच्या सीटसमोर दोन जादा पेडल असतात, क्लच आणि ब्रेक. तिसरं, ॲक्सिलरेटर, नसतं. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी थांबवणं तिच्या हातात, चालवणं दुसऱ्याच्या. मुलं तिला ब्रेकबाई म्हणतात. तिच्यासमोर नाही, पण तिला ठाऊक आहे.

तिच्या सीटशेजारी कोण कोण बसून गेलंय! समोरून बस आली की डोळे मिटून घेणारे एक निवृत्त पोस्टमास्तर. प्रत्येक खांबाला "सॉरी" म्हणणारी नवी सूनबाई. एक दातांचे डॉक्टर, ते गिअर असा टाकायचे की जणू उपटून हातात येणार आहे. ती कधी ओरडत नाही. ओरडलं की शिकणारा हात सोडून देतो, असं तिचं म्हणणं. तिचा एक ठरलेला आवाज आहे, सपाट, इस्त्री केल्यासारखा. "छान. आता हळू सोडा. हळू. परत करू." त्या आवाजाखाली तिचा पाय ब्रेकवर तयार असतो, हे शिकणाऱ्याला कळतही नाही.

तोच आवाज ती घरी माझ्यावर वापरते. मी चिडले की म्हणते, "आई, क्लच." म्हणजे आधी इंजिन चाकांपासून सोडव, मग बोल. सुरुवातीला मला हसू यायचं. गेल्या महिन्यात तिनं दोन गाड्यांचे फोटो माझ्यासमोर ठेवले आणि "क्लच" म्हणाली, तेव्हा फोन भिंतीवर मारावा असं वाटलं.

एक हिरवी. छोटी, बुटकी, सेकंडहँड, कापडी टपाची. दुसरी राखाडी, तिच्या दुप्पट ताकदीची, ऑटोमॅटिक, चहूबाजूंनी कॅमेरे. मागे सीटसारखं काहीतरी होतं, पण ते माणसासाठी नसून पर्ससाठी असावं. मी पहिलीचं नाव उघडी ठेवलं आणि दुसरीचं शहाणी. कारण विक्रेता म्हणाला होता, ही गाडी स्वतः विचार करते. तिचा निर्णय होत नव्हता. शहाणी नवी, पक्क्या टपाची, वेगवान. उघडी जुनी, पण बोलावते, असं ती म्हणे. गाडी बोलावते!

"तुला कुठली आवडते?" तिनं मला विचारलं.

"जी विकली गेलीय ती."

मी भौतिकशास्त्र शिकलेली बाई आहे. वेग दुप्पट झाला की धडक चौपट होते, हे मी परीक्षेत लिहून आलेय. लोक अशा गाडीकडे बघून रंग बघतात. मला समीकरण दिसतं, आणि त्यात माझी मुलगी दिसते.

शोरूममध्ये जायचं म्हणून माझा भाऊ आला. त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, असं त्याला वाटतं. विक्रेत्याने लगेच त्याच्याशी हात मिळवला. "साहेब, मॅडमना ऑटोमॅटिकच बरी पडेल."

"अहो, ती गाडी शिकवते," माझा भाऊ म्हणाला.

"हो का? म्हणजे शिकाऊ गाडीची सवय. मग तर ऑटोमॅटिकच."

मी तोंड उघडलं. शेजारून हळूच आवाज आला, "आई, क्लच." मी गप्प बसले. का बसले, कोण जाणे. त्या माणसानं ज्या कुणाकडून लायसन्स काढलं असेल, तो माझ्या मुलीच्या हाताखाली आठवडाभर टिकला नसता.

शहाणी आधी चालवली. मी पुढे बसले, भाऊ मागच्या पर्सच्या जागेत. गुडघे हनुवटीला लावून बसल्यामुळे त्याला पहिल्यांदाच बोलता येत नव्हतं, एवढा फायदा झाला. गाडी निघाली आणि कळलंच नाही निघालीय ते. बैठकीची खोली उचलून रस्त्यावर ठेवल्यासारखी. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एक सायकलवाला कडेच्या गाड्यांमधून अचानक आडवा आला. त्याच क्षणी काहीतरी पीं-पीं वाजलं, पट्टा छातीवर आवळला आणि गाडी थांबली. आपली आपण.

"वा!" मागून दबलेला आवाज आला. "बघितलंस? तुला काही करावंच लागलं नाही!"

मला तर गाडीचा मुका घ्यावासा वाटला. मी मुलीकडे पाहिलं. तिचा पाय ब्रेकवरच होता. तिनंही दाबला होता, पण गाडीनं केसभर आधी दाबला होता. चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी तिच्या ताटात हात घातलाय.

"ही गाडी म्हणजे मीच आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

मग उघडी. ती एकटीनेच नेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. केसांचं घरटं झालेलं. "स्टिअरिंग जड आहे," ती म्हणाली, "गिअर मात्र मनगटाच्या झटक्यावर पडतो. आणि आई, साठवर होते, पण पळतेय असं वाटत होतं. शहाणी शंभरवर गेली तरी झोप येईल. मला जोरात जायचंच नाहीये. चाकाखाली काय आहे ते हाताला कळायला हवं, बस."

"आपोआप ब्रेक?" मी विचारलं.

"नाही."

"कॅमेरे?"

"आरसे आहेत."

"म्हणजे काहीच नाही."

"मी आहे ना," ती म्हणाली.

भाऊ म्हणाला, "राखाडीच घ्यायची. ठरलं." विक्रेता म्हणाला, "साहेबांचं बरोबर आहे." मुलगी म्हणाली, "कळवते." आणि आम्ही घरी आलो. माझं मत भावासारखंच होतं, आणि याचाही मला राग आला.

ती उघडीच घेणार, हे मला दिसत होतं. नाही म्हटलं तर क्लच म्हणेल. म्हणून दुसऱ्या दिवशी, ती कामावर गेल्यावर, मी स्कूलच्या गाड्यांना जादा पेडल बसवणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. तो एका गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते.

"मिस्त्री, दोन सीटच्या छोट्या गाडीला शेजारी ब्रेक बसेल का?"

"कुठल्याही गाडीला बसेल," पाय म्हणाले. "शाळा काढताय काय काकू?"

"घरच्या गाडीला हवाय."

पाय हलायचे थांबले. मग आख्खा मिस्त्री बाहेर सरकला. "दाबणार कोण?"

"मी."

"तुम्हाला चालवता येते?"

येत नाही. ती मला शिकवत होती, फार पूर्वी. तिसऱ्या दिवशी चौकात मागच्यांनी हॉर्न वाजवले, तेव्हा मी दार उघडून उतरले आणि चालत घरी आले. गाडी चौकात, मुलगी गाडीत, इंजिन चालू. यावर आमच्याकडे अजून हसतात. मिस्त्रीला मी एवढंच म्हटलं, "नाही."

"मग कधी दाबायचा हे कसं कळणार?"

"मला कळतं. मला सगळ्यांच्या आधी कळतं."

त्यानं पान्यानं डोकं खाजवलं. "तीच तर अडचण आहे काकू," तो म्हणाला. "बरं, ताईंना विचारून सांगतो."

"ताईंना विचारायचं नाही!"

त्यानं विचारलं. स्कूलची गाडी त्याच्याकडेच जाते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुपारी, शिकवणीच्या दोन तासांमधल्या सुट्टीत, ती घरी आली. मी खिडकीतून पाहिलं. पाटीवाली गाडी फाटकासमोर तिरकी उभी होती, मागचं चाक फुटपाथला घासून. जिनं अर्ध्या गावाला गाडी सरळ लावायला शिकवलं, तिची गाडी तिरकी! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"ब्रेक?" ती दारातूनच ओरडली. "माझ्या गाडीत?"

हा आवाज मी ती शाळेत असताना शेवटचा ऐकला असेल. मी म्हटलं, "क्लच."

"क्लच नाही! काही क्लच-बिच नाही आज! सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी काय करते, माहितेय तुला? वाईट काय होणार याची वाट बघते. समोरून कोण येतंय, हा कुठे चुकणार, तो कुठे घुसणार. त्याचाच पगार मिळतो मला. रात्री झोपेतसुद्धा माझा पाय पुढे जातो. आठवड्यातून एकदा, एकदाच, मला पुढचा रस्ता नुसता रस्ता म्हणून बघायचाय. आणि तू तिथेही माझ्याच शेजारी मलाच आणून बसवणार?"

"तू दिवसभर वाट बघतेस," मीही ओरडले, "मी तू बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत बघते! रोज! मला तर पगारही मिळत नाही!"

बाहेर कुणीतरी तिरक्या गाडीमुळे हॉर्न वाजवत होतं. वाजवू दे म्हटलं.

"मग रविवारी सुट्टी घे," ती म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता. "मीही घेते, तूही घे. पेडल मिळणार नाही. शेजारची सीट रिकामी आहे. यायचं तर ये, नाहीतर फाटकात उभी राहून घड्याळ बघ. आणि मी आजच उघडीचं कळवतेय."

दार आपटून ती गेली. गाडी सुरू करताना तिच्या हातून बंद पडली. दोनदा. मी पडद्याआडून पाहत होते. हसायला आलं नाही, एवढी चिडले होते.

नंतरचे दिवस आम्ही घरात कामापुरतं बोललो. "दूध आणलंय." "ठेव." भावाचा फोन आला, की हिला समजाव. मी त्याला म्हटलं, तू पर्सच्या जागेत बसून बघितलंस ना सगळं, आता पुरे. त्याच्यावर का भडकले, तो माझ्याच बाजूने बोलत असताना, हे त्याला कळलं नाही. मलाही धड सांगता आलं नसतं.

उघडी आली. अंगणात उभी राहिली तर माझ्या कमरेएवढी. पहिल्या रविवारी ती एकटी गेली. मी फाटकात उभी राहणार नाही असं ठरवलं होतं, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. समीकरण मांडलं. वस्तुमान कमी, ते तरी जमेला धरलं. ती परत आली तेव्हा मी पानं वाढायला घेतली. जेवताना तिचे खांदे खाली होते. कामावरून येते तेव्हा ते कानाशी असतात. इतकी वर्षं मी ते तसेच असतात असं धरून चालले होते.

दुसऱ्या रविवारी मी रुमालानं केस बांधले आणि जाऊन सीटवर बसले. बसले म्हणजे पडलेच, इतकी ती खाली आहे. तिनं माझा पट्टा ओढून पाहिला.

गाव संपलं आणि टेकडीचा रस्ता लागला. पहिल्या वळणावर माझा पाय पुढे गेला आणि पायाखालच्या मॅटवर जोरात दाबला गेला. दुसऱ्यावरही. मॅट सुरकुतून पुढे सरकलं.

"आई, तिथे काही नाहीये."

"मला माहितेय!"

"मग दाबतेस काय?"

"दाबला जातो! तुझा झोपेत जातो ना? तसाच!"

तिसऱ्या वळणाआधी तिनं मनगटाचा झटका दिला, इंजिन गुरगुरलं, आणि गाडी आपणहून मंदावल्यासारखी झाली. पण आपणहून नव्हती, तिनंच हळू केली होती. माझा पाय पुन्हा निघाला. मग मी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि त्या एवढ्याशा सीटवर मांडी घातली. ती गाडी मांडी घालण्यासाठी बनवलेली नाही. एक गुडघा दारावर आपटत होता, दुसरा गिअरच्या वाटेत येत होता.

तिनं कडेला घेऊन गाडी थांबवली. माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. ओठ घट्ट मिटून घेतले होते तिनं.

"हसलीस तर उतरून चालत घरी जाईन," मी म्हटलं. "जाते मी, तुला माहितेय."

"गुडघा थोडा तिकडे घे. तिसरा गिअर पडत नाहीये."

मी घेतला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता चालव," मी म्हणाले, रागानेच.